खिळ्यावरचा कप

"यंदाच्या हिवाळ्यात या विद्यापीठाच्या आवारात एकही माणूस घसरून पडणार नाही."

असं उपाध्यक्ष डॉ. प्रेस्कॉट यांनी बर्फ-नियोजनाच्या बैठकीत जाहीर केलं. टेबलावर मूठ आपटून. टाळ्या झाल्या. मग ते फाईल काखोटीला मारून बाहेर पडले, दाराबाहेरच्या ओल्या मेपलच्या पानावर त्यांचा पाय पडला, आणि ते बसले.

ऑक्टोबर होता. अजून बर्फ पडायला सुरुवातही व्हायची होती.

हे खरं आहे. पुढचंही सगळं खरं आहे. या पहिल्या भागाला अख्खी बैठक साक्षीला आहे. पुढच्या भागाला साक्षीदार कमी आहेत, आणि त्यातला एक तर... पण ते ओघाने येईलच.

ही रात्रीची गोष्ट असती तर बरं झालं असतं. अंधारात माणसाला काहीही दिसतं, असं म्हणून सोडून देता आली असती. पण ती घडली भर दुपारी. अमेरिकेच्या उत्तर टोकाला, सुपीरियर सरोवराच्या काठी, विद्यापीठाच्या गॅरेजात, दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतल्या त्या मंगळवारी. ज्या मंगळवारी गावात टपालसुद्धा आलं नाही, तो.

आवारातला बर्फ कसा हटवायचा, हे ठरवणारा माणूस म्हणजे कार्ल रिंटाला. साठी जवळ आलेला, रुंद, कमी बोलणारा. वादळात आधी कोणता रस्ता मोकळा करायचा, मग कोणता, कुठे मीठ, कुठे नुसती रेती, हे सगळं तो बर्फ पडायच्या आधीच ठरवून ठेवायचा. आधी आगीच्या बंबाचे रस्ते. मग चाकाच्या खुर्च्यांचे उतार. मग वसतिगृहापासून वर्गांपर्यंतच्या वाटा. साहेबलोकांच्या पार्किंगचा नंबर शेवटचा. तो दरवर्षी बैठकीत पहिला व्हायचा आणि पहिल्या वादळात कार्लच्या हातून पुन्हा शेवटचा व्हायचा. याबद्दल कोणीच काही बोलायचं नाही.

या सगळ्यात एकच जागा अशी होती, जिथे यंत्र चालत नसे.

सरोवराकडच्या वसतिगृहापासून वर वर्गांकडे चढणाऱ्या दगडी पायऱ्या. तीन वेगवेगळ्या डीनसाहेबांनी तिथे आपापली हाडं मोडून घेतली होती, म्हणून सगळे त्यांना डीनपायऱ्या म्हणत. तिथला बर्फ हातानेच काढावा लागे. सुपासारखं मोठं पत्र्याचं फावडं पुढे ढकलायचं, भरलं की कठड्यापलीकडे उलटं करायचं.

वर्षानुवर्षं हे काम ओनी करायचा.

ओनी मट्टिला. कार्लच्या बायकोचा, हेल्मीचा, धाकटा भाऊ. साऱ्या गॅरेजात कार्लला 'दाजी' म्हणणारा हा एकटाच, आणि तेही असं ठसक्यात, की ऐकणाऱ्याला वाटावं कार्लने त्याचं काहीतरी लुबाडलंय. डावखुरा. कॉफीच्या रिकाम्या डब्यात रेती भरायचा आणि डाव्या हाताने पायरीवर फेकायचा. प्रत्येक पायरीवर रेतीची एकेक चंद्रकोर. फावडं उलटं केलं की ते कठड्यावर दोनदा आपटायचं, चिकटलेला बर्फ पडावा म्हणून.

टक्. टक्.

त्या गोष्टीच्या आधीच्या मार्चमध्ये ओनी त्या पायऱ्यांवर बसला आणि पुन्हा उठला नाही. हृदय.

कार्लने त्याच दुपारी ओनीच्या पायऱ्या गॅरेजातल्या गॉर्डीला नेमून दिल्या आणि रेतीची नवी खेप मागवली. मर्तिकाला त्याने वेलदोड्याचा पाव दोनदा मागून घेतला. लोक म्हणाले, कार्ल फार खंबीर. कार्ल खंबीर नव्हता. त्याला काही लागतच नव्हतं. जुन्या हिमदंशाने त्याच्या डाव्या हाताच्या बोटांचे शेंडे मेले होते. तसंच आतही काहीतरी झालं असेल, असं धरून तो कामाला लागला होता.

आता त्या कपांचं सांगायला हवं.

गॅरेजच्या दाराशी एक फळी आहे. फळीवर खिळे. वादळात बाहेर पडताना प्रत्येकाने आपला कप आपल्या खिळ्याला अडकवायचा. परत आला की स्वतःच्या हाताने उतरवायचा आणि त्यात कॉफी ओतून घ्यायची. खिळ्यावर कप आहे म्हणजे त्याचा मालक बाहेर आहे. शेवटचा कप उतरल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही.

आणि दुसऱ्याच्या कपाला हात लावायचा नाही. कधीच.

हा नियम कार्लचाच. फार पूर्वी कोणीतरी चांगुलपणाने दुसऱ्याचा कप धुवायला उतरवला, सगळ्यांना वाटलं तो आला, आणि सगळे घरी गेले. तो उलटलेल्या यंत्राखाली होता. जगला. पण त्याच्या उजव्या पायाला आज बोटं नाहीत.

ओनीने त्या मार्चच्या सकाळी आपला निळा कप खिळ्याला अडकवला होता.

तो उतरवायला ओनी आला नाही. आणि दुसऱ्याच्या कपाला हात लावायचा नाही.

मार्चपासून सगळे त्या कपाकडे न बघता घरी जात होते.

*

पहिलं वादळ नोव्हेंबरात आलं.

ओनीच्या जागी ट्रूडी बोशां लागली होती. तिशीतली, किडकिडीत, तोंडाने फटकळ. तिच्या मुलीला, जोसीला, साखरेचा आजार. इन्सुलिन नोकरीच्या विम्यावर मिळायचं. म्हणजे ट्रूडीची नोकरी म्हणजे जोसीचं इन्सुलिन, इतका सरळ हिशोब.

त्या सकाळी वॉकीटॉकीवर ट्रूडीचा आवाज आला.

"कार्लकाका, माझ्या पायऱ्या कोणी केल्या?"

"तू."

"मी आत्ता पोचतेय इथे."

कार्लने गॉर्डीकडे पाहिलं. गॉर्डी बर्फ ढकलणारा मोठा नांगर चालवणारा, पोट सांभाळत चालणारा माणूस. यंत्राचा पट्टा बदलत तो म्हणाला, "माझ्याकडे काय बघतोस? मी घरासमोरचा बर्फ बायकोकडून काढून घेतो."

"अगदी स्वच्छ आहेत," ट्रूडी म्हणाली. "रेती पण टाकलीय. कशी सांगू... चंद्रकोरीसारखी. प्रत्येक पायरीवर एक."

कार्लने वॉकीटॉकी टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली.

"कार्लकाका? आहात का?"

"पुढची वाट घे," कार्ल म्हणाला.

मग तो कॉफी प्यायला. उकळती होती. ते त्याला संध्याकाळी हेल्मीने सांगितलं, ओठावरचा फोड बघून.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट झाली. कोट काढताना गॉर्डीचा कान त्या निळ्या कपाला लागला आणि तो चमकून मागे सरला.

"हा कप फ्रीजमध्ये ठेवता काय रे?"

शेगडी फळीपासून हातभरावर होती. दिवसभर धगधगत होती. बाकीचे कप कोमट होते...

तो कप बर्फासारखा गार होता.

कोणी पुढे विचारलं नाही. आमच्याकडे असल्या गोष्टींना 'हवा विचित्र आहे' असं म्हणतात.

पुढच्या वादळात ट्रूडी मुद्दाम लवकर गेली. त्याच्याही पुढच्या वादळात आणखी लवकर. उजाडायचं होतं. पायऱ्यांच्या पायथ्याशी ती पोचली आणि थांबली.

वरून आवाज येत होता.

खर्रर... खर्रर...

टक्. टक्.

तिने बॅटरी मारली. आवाज थांबला. वरच्या अर्ध्या पायऱ्या साफ होत्या. खालच्या अर्ध्यांवर गुडघाभर बर्फ. माणूस नाही. पावलं नाहीत, ना जाणारी ना येणारी.

"मी म्हटलं, कोण आहे रे तिकडे, हे माझं काम आहे," तिने नंतर गॅरेजात सांगितलं. "कोणी बोललं नाही. मी रेतीची बादली उचलायला वळले. एवढीच, इतकीच वळले. परत बघते तर..."

"तर?"

"सगळ्या साफ."

गॉर्डी म्हणाला, "वारा असेल."

"रेती टाकणारा वारा?"

"सरोवराकडचा वारा काहीही करतो," गॉर्डी म्हणाला आणि पुढे दिवसभर वॉकीटॉकीवर नको तितकं बोलत राहिला.

*

डॉ. प्रेस्कॉट वाळवंटी ॲरिझोनाहून आलेले. बर्फ त्यांनी तोवर बहुधा पेल्यातच पाहिला असावा. त्यांच्या खोलीची खिडकी नेमकी डीनपायऱ्यांवर उघडायची. डिसेंबरात त्यांनी कार्लला बोलावून घेतलं.

"ती मुलगी यायच्या आधीच पायऱ्या साफ असतात. मी रोज बघतो."

"हो."

"कोण करतं?"

कार्लने थोडा विचार केला. "सांगता येत नाही."

"पगार मागतो?"

"नाही."

"विमा? रजा?"

"अजून तरी नाही."

"युनियनमध्ये आहे?"

"होता," कार्ल म्हणाला. तोंडातून निघून गेलं.

प्रेस्कॉटसाहेबांनी ते ऐकलं नाही. ते खिडकीतून खाली बघत होते, आणि त्यांचे डोळे ओलावले होते. "रिंटाला, संस्थेवर इतकं निरपेक्ष प्रेम करणारा माणूस मी माझ्या कारकिर्दीत पाहिला नाही. असे चार मिळाले तर अख्खं खातं बंद करता येईल."

मग त्यांनी ट्रूडीची जागा जानेवारीअखेर बंद करायचं ठरवून टाकलं.

कार्लने ते ट्रूडीला गॅरेजात सांगितलं. ती बराच वेळ हातमोज्याचा धागा उसवत बसली.

"बेकारी भत्त्याच्या खिडकीवर काय सांगू? भुताने नोकरी खाल्ली?"

कार्ल बुटांवरचा बर्फ झटकू लागला.

"मी त्याच्या आधी पोचायचा प्रयत्न केला, कार्लकाका. खरंच केला. जमत नाही. मला झोपावं लागतं, जोसीला सुई द्यावी लागते. त्याला काहीच लागत नाही." तिने बाहीने नाक पुसलं. "रडत नाहीये मी. थंडीने गळतंय."

"ठीक आहे," कार्ल म्हणाला. आणखी काहीतरी म्हणायला हवं हे त्याला कळत होतं. काय, ते कळत नव्हतं.

घरी हेल्मीने ताटात गरम पेस्टी, मटणाची मोठी करंजीच ती, वाढली होती. कार्ल खात होता. मटण आहे की पुठ्ठा, त्याला फरक पडत नव्हता.

हेल्मी म्हणाली, "त्या पोरीची नोकरी कोण खातंय ठाऊक आहे ना तुला?"

"गॅरेजातल्या गप्पा आहेत."

"माझा भाऊ आहे तो. गप्पा कसल्या?"

कार्लने काटा खाली ठेवला.

"लहानपणापासून असाच," हेल्मी म्हणाली. "हाक मारल्याशिवाय घरात यायचा नाही. बाहेर काळोख होऊ दे, ओठ निळे पडू देत. आई दार उघडून उंबऱ्यात उभी राहायची, नाव घेऊन हाक मारायची, तेव्हा यायचा. आणि आल्यावर वर तिलाच बोलायचा." ती जराशी हसली आणि थांबली. "तू मारलीस का हाक?"

"मेलेल्या माणसाला?"

"बाहेर असलेल्या माणसाला. कप खिळ्यावर आहे ना अजून?"

"आहे."

"मग? नियम तुझाच."

कार्ल ताटाकडे बघत राहिला.

"मार्चपासून बाहेर आहे तो, कार्ल," हेल्मी म्हणाली. "त्याला थंडी वाजत असेल रे."

*

आणि मग तो मंगळवार.

सकाळपासून सरोवरावरून वादळ आत येत होतं. दुपारपर्यंत हाताचं बोट दिसेना. सगळं पांढरं. वर नाही, खाली नाही, नुसतं पांढरं आणि आवाज. विद्यापीठ बंद केलं. मुलं वसतिगृहात कोंडली. कार्लने वॉकीटॉकीवरून आपली सगळी माणसं आत बोलावून घेतली.

एकेक कप उतरत गेला. शेवटी ट्रूडी आली, भुवयांवर बर्फ घेऊन, आणि तिने आपला लाल कप उतरवला.

फळीवर एकच कप उरला.

रोज त्याच्याकडे न बघता घरी जाता यायचं. आज घरी जायची सोय नव्हती. रस्तेच नव्हते. सगळे शेगडीभोवतीच्या बाकांवर बसले आणि जो तो आपल्या बुटांकडे बघू लागला.



वारा क्षणभर पडला...

आणि भिंतीवर टांगलेल्या सगळ्या वॉकीटॉक्या एकदम खरखरल्या.

खर्रर... खर्रर...

टक्. टक्.

गॉर्डी उठला आणि त्याने आपली वॉकीटॉकी बंद केली. बटण खाली गेलं. लाल दिवा विझला.

खर्रर... खर्रर...

ती तशीच बोलत होती.

"सरोवराकडचा वारा," गॉर्डी म्हणाला. या वेळी त्याचा स्वतःचाही विश्वास बसला नाही. तो येऊन बाकावर बसला. ट्रूडीच्या आणि आपल्यामध्ये, का कोण जाणे, एका माणसाची जागा सोडून.

"पायऱ्यांवर आहे तो," ट्रूडी हळूच म्हणाली. "अशा हवेत. आवार बंद आहे, कोणी चालणार नाहीये. कोणासाठी करतोय?"

टक्. टक्.

कार्ल उठला.

तो फळीपाशी गेला. निळा कप. कडेला टवका उडालेला. दुसऱ्याच्या कपाला हात लावायचा नाही. त्याने डावा हात वर केला आणि कप धरला.

आणि त्याच्या बोटांना गार लागलं.

मेलेल्या शेंड्यांना. सुईसारखं, थेट कोपरापर्यंत. किती वर्षांनी लागलं, त्यालाच आठवेना. त्याने कप सोडला नाही. खिळ्यावरून उतरवला, किटलीतली कॉफी ओतली आणि शेगडीजवळच्या बाकावर, त्या सोडलेल्या जागेशी ठेवला. कोणी त्याच्याकडे वर मान करून बघितलं नाही.

मग त्याने गॅरेजचं दार ओढून उघडलं.

बाहेर पांढरी भिंत होती. वारा आत घुसला, कागद उडाले, दिवा हलला. कार्ल उंबऱ्यात उभा राहिला. त्याने घसा खाकरला.

"ओन्या..."

वाऱ्याने तो शब्द तोंडातून काढून नेला.

"ओन्या, ये रे आत. झालं काम. तुझ्या पायऱ्या ट्रूडी करतेय आता, चांगल्या करतेय. ये, कॉफी ओतलीय."

वॉकीटॉक्या गप्प झाल्या.

सगळ्या. एकदम.

कार्ल वाट बघत राहिला. पांढऱ्यातून कोणी आलं नाही. सावली नाही, पाऊल नाही. त्याला घासून कोणी आत गेलं नाही, हे तो आजही शपथेवर सांगतो.

पुढचं थोडक्यात सांगायचं तर, दुसऱ्या दिवशी वादळ निवळलं तेव्हा डीनपायऱ्या पहिल्यांदाच काठोकाठ भरलेल्या होत्या. ट्रूडीने त्या जेवणवेळेपर्यंत एकटीने उपसल्या आणि शिट्टी वाजवत परत आली. ती उपसत असतानाच खिडकीतून बघून बघून कंटाळलेले प्रेस्कॉटसाहेब स्वतः खाली उतरायला निघाले होते. ते कंबरेपर्यंत रुतले, आणि त्यांना बाहेर काढणाऱ्या फावड्याची मूठ ट्रूडीच्या हातात होती. आदर्श कर्मचाऱ्याने न सांगता काम सोडलं, याचं त्यांना फार वाईट वाटलं. ट्रूडीची जागा कायम झाली. जोसी आता तिसरीत आहे.

निळा कप धुऊन मांडणीवर ठेवलाय. खिळा तसाच रिकामा.

पण गॉर्डी आणि ट्रूडी शेगडीपाशी बसले की अजूनही मध्ये एका माणसाची जागा सोडतात. विचारलं तर म्हणतात, सवय. वादळ असलं की त्या जागेखाली पाणी साचतं. छप्पर दोनदा तपासून झालं, कुठे गळत नाही. आणि कार्ल त्या बाजूला पाठ करून कधीही बसत नाही. बोटांचे शेंडे मात्र आता दुखतात त्याचे. त्याची तक्रार नाही.

हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी तो उंबऱ्यात उभा होता. दार सताड उघडं. बर्फ आत येऊन बुटांवर साचत होता. दार लावावं तर कोणीतरी बाहेरच राहील असं वाटत होतं, आणि हात उचलत नव्हता. डोळ्यांतून काहीतरी वाहत होतं, आणि ते गालावर गोठत होतं. मागे गॉर्डी, ट्रूडी, सगळे बसले होते.

मग मागून, शेगडीजवळून, कप बाकावर ठेवल्याचा आवाज आला.

टक्.

आणि कोणीतरी, अगदी ठसक्यात, म्हणालं,

"दाजी, दार लावा ना. गारठा येतोय."